व्हिसा कशाला बांधलेला असतो? नायजेरियातून परदेशी जाणाऱ्या बायांची गोष्ट



आपल्याकडे जशी भिशी, तशी नायजेरियात 'आजो'. प्रत्येकीनं रोज किंवा आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकेकीनं सगळा गल्ला उचलायचा. योरुबा बोलणाऱ्या भागात हिला आजो किंवा एसुसू म्हणतात, उत्तरेकडे हौसा भाषेत अदाशे म्हणतात. या गल्ल्यातून बाया दुकानात माल भरतात, मुलांची फी भरतात, घरावर पत्रे घालतात. अलीकडे तो आणखी एका कामाला जाऊ लागलाय. घरातलं कुणीतरी परदेशी पाठवायला.

तुम्ही म्हणाल, नायजेरिया कुठे आणि आपण कुठे! पण २०२३ साली ब्रिटननं शिक्षणासाठी जे व्हिसा दिले, त्यांत भारत, चीन आणि नायजेरिया हे पहिले तीन देश होते. म्हणजे खिडकी एकच आणि रांगही एकच. त्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बायांना काय अनुभव आले, ते आपण ऐकून ठेवलेलं बरं. उद्या आपल्या गावातली लेक निघाली, तर कामाला येईल.

नायजेरिया हा आफ्रिकेतला सर्वांत जास्त लोकसंख्येचा देश. वीस कोटींहून जास्त माणसं. १९६० साली तो ब्रिटिशांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. कारभाराची भाषा अजून इंग्रजी आहे. शिकलेली पोरं भरपूर आहेत, पण २०२२ साली प्राध्यापकांच्या संपामुळे सरकारी विद्यापीठं आठ महिने बंद राहिली. वर चलनाची पडझड झाली. २०२३ च्या जूनच्या सुरुवातीला एका डॉलरला साधारण ४६० नायरा मोजावे लागत. २०२४ च्या फेब्रुवारीत तोच डॉलर १,५०० नायराच्या घरात गेला. पगार तोच आणि बाजार तिप्पट! तिथल्या तरुणांच्या तोंडी एक शब्द बसलाय, 'जापा'. योरुबा भाषेत त्याचा अर्थ पळ काढणं, निसटून जाणं.

पण निसटायचं म्हटलं तरी दार लागतं. ते दार म्हणजे व्हिसा. व्हिसा म्हणजे परक्या देशानं दिलेली परवानगी, आणि ती बहुतेक वेळा कशाला तरी बांधलेली असते. शिकायचा व्हिसा कॉलेजला बांधलेला, कामाचा व्हिसा मालकाला बांधलेला. गाठ सुटली की परवानगी संपली. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

समजा, इबादान शहरात एक नर्सताई आहे. वय बत्तीस, नवरा शाळेत मास्तर, दोन लेकरं. तिला ब्रिटनला जायचंय. तिच्यापुढे कोणत्या वाटा आहेत, ते पाहू.

पहिली वाट शिक्षणाची. आधी परवानाधारक विद्यापीठात प्रवेश मिळाला पाहिजे. ते विद्यापीठ तिच्या नावानं एक प्रवेश-क्रमांक देतं. मग पैशाचा पुरावा. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि वर्षभराच्या शिक्षणाला नऊ महिन्यांचा राहण्याखाण्याचा खर्च, एवढी रक्कम बँकेत सलग २८ दिवस असावी लागते. मध्ये एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून शेजारणीकडून दोन दिवसांसाठी उसने आणून खात्यावर दाखवले, असं इथे चालत नाही. मग ठरवून दिलेल्या दवाखान्यातून टीबी नसल्याचा दाखला. शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठी दर वर्षाचा वेगळा आकार. २०२४ पासून विद्यार्थ्याला तो वर्षाला ७७६ पाऊंड आहे, आणि पूर्ण मुदतीचा आधीच भरावा लागतो. पाऊंड म्हणजे आपले शंभरावर रुपये, तुम्हीच हिशोब करा.

तिथे गेल्यावर पदवीच्या विद्यार्थ्याला कॉलेज चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. तेवढ्या मजुरीत घरभाडं भागवताना नाकी नऊ येतात, फी कुठून निघणार? २०२४ साली ब्रिटनमधल्या एका विद्यापीठानं फीचे हप्ते थकले म्हणून काही नायजेरियन विद्यार्थ्यांची नावं काढून टाकली आणि त्यांच्यावर देश सोडायची वेळ आली. त्यांनी घरून निघताना पैसे मोजले होते, पण नायरा मध्येच कोसळला. कॉलेजची गाठ सुटली, आणि परवानगी गेली.

शिक्षण संपल्यावर पदवीधरांचा एक व्हिसा मिळतो. त्यावर दोन वर्षं कुठेही काम करता येतं. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील, त्यांना दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार आहे. पीएचडीवाल्यांना तीन वर्षं. पण ही वर्षं कामाच्या व्हिसावरच्या कायम वास्तव्याच्या हिशोबात धरत नाहीत. त्या मुदतीत परवानाधारक मालकाची नोकरी मिळाली तर पुढे, नाहीतर घरी परत.

आता आपल्या नर्सताईचा मोठा प्रश्न. लेकरांचं काय? २०२३ पर्यंत एम.ए., एम.एस्सी.सारख्या अभ्यासाला जाणारी बाई नवऱ्याला आणि मुलांना सोबत नेऊ शकत होती. ती शिकायची, नवरा पूर्णवेळ काम करायचा, आणि संसार चालायचा. १ जानेवारी २०२४ पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना हे बंद झालं. आता संशोधनाचं उच्च शिक्षण घेणारे आणि सरकारी शिष्यवृत्तीवर जाणारे, एवढ्यांनाच घरचं माणूस नेता येतं. म्हणजे या वाटेनं गेली, तर लेकरं आजीच्या पदरात टाकून जायचं.

दुसरी वाट कामाची. इथे परवानाधारक मालकानं नोकरी द्यावी लागते आणि तो सरकारकडून एक हमीपत्र काढतो. पगारही ठरलेल्या रकमेच्या खाली चालत नाही. साध्या कुशल कामाच्या व्हिसाला ही रक्कम २०२४ च्या एप्रिलपर्यंत वर्षाला २६,२०० पाऊंड होती, मग ३८,७०० झाली, आणि २२ जुलै २०२५ पासून ४१,७००. तीन वर्षं पैसे जमवणाऱ्या बाईचं लक्ष्यच पुढे पळत राहिलं. आरोग्यसेवेतल्या कामांना वेगळे, कमी दर आहेत.

यातच म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणाऱ्या कामगारांची एक खास वाट होती. तिच्या तीन तारखा ऐका. २०२२ च्या फेब्रुवारीत ती उघडली आणि नायजेरियातून शिक्षिका, बँकेतल्या कारकून, दुकानदार बाया या कामाला गेल्या. ११ मार्च २०२४ पासून त्यांना घरचं माणूस आणायला बंदी झाली. २२ जुलै २०२५ ला परदेशातून नवीन भरतीच बंद. साडेतीन वर्षांत दार उघडलं आणि लागलंही.

या वाटेवर फसवणूक फार झाली. मालकाच्या हमीपत्राचा खर्च कामगाराकडून काढणं नियमाबाहेर आहे. तरी दलालांनी ही पत्रं विकली. बायांनी जमिनी विकून, आजोचा गल्ला उचलून पैसे भरले. तिथे उतरल्यावर कळलं की काम आठवड्याला दहा तासांचंच आहे, किंवा मुळात कामच नाही. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात ब्रिटिश सरकारनं सेवाक्षेत्रातल्या ४७० हून जास्त मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले ३९,००० कामगार होते, वेगवेगळ्या देशांचे. मालकाचा परवाना गेला की कामगाराला सहसा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरा परवानाधारक मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. चूक मालकाची, आणि शिक्षा तिला!

मग आपल्या नर्सताईनं काय करावं? तिच्या हातात नर्सिंगची विद्या आहे, ती तिची खरी पुंजी. नर्सेससाठी आरोग्यसेवेचा व्हिसा आहे. त्यात तो दवाखान्याचा वार्षिक आकार माफ आहे आणि नवरा-मुलांनाही नेता येतं. पण वाट लांबची आहे. नायजेरियाच्या नर्सिंग कौन्सिलनं २०२४ मध्ये नियम केला की शिक्षणानंतर दोन वर्षं देशात काम केल्याशिवाय परदेशासाठी कागद तपासून देणार नाही. त्यावर नर्सेसनी निदर्शनंही केली. सरकारचं म्हणणं, आमचे दवाखाने ओस पडतायत. नर्सेसचं म्हणणं, मग पगार तरी नीट द्या. दोन्ही बाजूंना दुःख आहे.

त्यानंतर इंग्रजीची परीक्षा, आपल्या देशात संगणकावरची परीक्षा, आणि ब्रिटनमध्ये गेल्यावर प्रात्यक्षिक. हे सगळं पार पडलं की नर्स म्हणून नाव लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट. ज्या देशांत डॉक्टर-नर्सेसची फार टंचाई आहे, त्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेनं केली आहे आणि नायजेरिया त्यात आहे. म्हणून ब्रिटनच्या दवाखान्यांना किंवा दलालांना नायजेरियात जाऊन भरती करायची मनाई आहे. नर्सनं स्वतः जाहिरात पाहून थेट अर्ज केला, तर चालतं. तेव्हा इबादानच्या लॉजवर खोली घेऊन कुणी 'लंडनच्या हॉस्पिटलची भरती' लावली असेल, तर तिथे पैसे काढायच्या आधी दहा वेळा विचार करायला हवा.

तिसरी वाट कॅनडाची. तिथे 'एक्स्प्रेस एन्ट्री' नावाची गुणांची पद्धत २०१५ पासून आहे. वय, शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण मिळतात. नोकरी आधी हातात नसली तरी अर्ज करता येतो, आणि निवड झाली तर थेट कायम वास्तव्य मिळतं. म्हणजे ही परवानगी एका मालकाला बांधलेली नसते. पण वयाचे सर्वाधिक गुण २० ते २९ वर्षांना. तिशीनंतर दर वर्षी कमी होत जातात. नवरा-बायकोनं दोघांचे गुण मोजून ज्याचे जास्त, त्याच्या नावानं अर्ज करायचा असतो. बाई जास्त शिकलेली असेल, तर अर्ज तिच्या नावानं. इथे मानापमान मध्ये आणू नये. शिकायला जायचं तर कॅनडानंही २०२४ साली खात्यावर दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ वर नेली.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२,००० युरो बंद खात्यात आधी ठेवावे लागतात आणि ते दरमहा हप्त्यानं मिळतात. शिवाय जर्मन भाषा आली नाही, तर नोकरी अवघड.

अमेरिकेच्या 'व्हिसा लॉटरी'चं नाव तुम्ही ऐकलं असेल. नायजेरियातल्या लोकांना २०१५ सालच्या लॉटरीपासून त्यात भागच घेता येत नाही. भारतात जन्मलेल्यांनाही नाही. तेव्हा 'तुमचं नाव लॉटरीत लागलं, फी भरा' असा फोन आला, तर तो सरळ बंद करा.

सरळ दारं बंद झाली की चोरवाटेचे दलाल गावात शिरतात. नायजेरियाच्या एडो राज्यातल्या बेनिन सिटी भागातून कित्येक मुलींना केस कापायचं काम, घरकाम असं सांगून सहारा वाळवंट आणि लिबियामार्गे इटलीला नेलं गेलं आणि देहविक्रीला लावलं गेलं. जाण्याआधी देवऋषीसमोर शपथ घालायची. केस, नखं काढून घ्यायची. कर्ज फेडलं नाही किंवा तोंड उघडलं, तर देवाचा कोप होईल, ही भीती. कुलपापेक्षा ती भीती पक्की! २०१८ च्या मार्चमध्ये बेनिनचे राजे, ओबा एवुआरे दुसरे, यांनी या शपथा जाहीरपणे रद्द केल्या. ज्या मुली भीतीनं गप्प होत्या, त्यांच्या गळ्यातला फास त्यांच्याच परंपरेनं सोडवला.

तर मैत्रिणींनो, घरातलं कुणी परदेशी निघालं, तर गल्ला उचलण्याआधी आपण हे पाच प्रश्न विचारू या.

एक, हा व्हिसा कशाला बांधलेला आहे? कॉलेजला, मालकाला, की कशालाच नाही?

दोन, ती गाठ सुटली तर किती दिवस हातात राहतात?

तीन, नवरा आणि मुलं सोबत जाऊ शकतात का? नसतील, तर लेकरं कुणाकडे आणि किती वर्षं?

चार, ही वर्षं कायम राहण्याच्या हिशोबात धरतात का? ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर पाच वर्षांनी कायम वास्तव्य मागता येत होतं. २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं ते दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून नियम अर्ज करायच्या दिवशीचा पाहायचा, मामेभावाच्या वेळचा नाही.

पाच, पैसे कुणाला आणि कशाचे देतोय? पावती आहे का? ब्रिटनच्या परवानाधारक मालकांची यादी सरकारी संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येते. आपल्याकडेही परदेशी नोकरी लावून देणारा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर त्याची नोंद तपासता येते. गटातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला मोबाईलवर बघायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे.

जाणं वाईट नाही. नायजेरियाच्या कितीतरी बाया याच वाटांनी गेल्या, नीट रुळल्या, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशांवर मागे भावंडं शिकली. पण जमीन, दागिने आणि भिशी हे तिघं एकदम डावावर लावायचे नसतात. एवढं एक तरी घरी ठेवा की परत यावं लागलं, तर पाय टेकायला जागा राहील.

पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वहीत लिहून घ्या, आणि आपल्या गावातून कुणी निघालं असेल तर तिच्या आईला वाचून दाखवा.