दुरुस्तीचा हिशेब कोण मांडतो?

मध्यमवर्गीय घरातील यंत्रे बिघडतात, ती बहुधा महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. आमच्या घरचे कपडे धुण्याचे यंत्र या नियमाला अपवाद ठरले नाही. अकरा वर्षे निमूटपणे राबलेले हे यंत्र कपडे पिळण्याच्या वेळी असे घरघरू लागले, की खालच्या मजल्यावरचे शेजारी चौकशीला वर आले. कंपनीच्या सेवाकेंद्रातून आलेल्या तरुणाने ड्रम हाताने दोनदा फिरवला आणि निकाल दिला : ‘बेअरिंग गेलंय. पूर्ण ड्रम बदलावा लागेल, साडेनऊ हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या, काका.’ नवीन यंत्राची किंमत चोवीस हजार.

अशा प्रसंगी घरोघरी एक ठोकताळा वापरला जातो. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्या किमतीहून अधिक असेल आणि वस्तूचे बरेचसे आयुष्य सरले असेल, तर ती बदलावी. हा ठोकताळा चुकीचा नाही. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : दुरुस्तीचा म्हणून जो आकडा आपल्यासमोर ठेवला जातो, तो बिघाडाच्या प्रमाणात असतो. हे गृहीतच तपासून पाहिले पाहिजे.

बिघाड सारे सारखे नसतात. पाणी उपसणारा पंप तुंबणे, पट्टा सैल होणे, कपॅसिटर निकामी होणे, पाण्याच्या नळीची जाळी क्षारांनी बुजणे, ही किरकोळ दुखणी होत. त्यांपायी यंत्र भंगारात घालणे म्हणजे वहाणेचा अंगठा तुटला म्हणून वहाण फेकण्यासारखे आहे. बेअरिंगचे दुखणे त्याहून मोठे. ड्रमच्या दांड्याभोवतीचे रबरी सील झिजते, पाणी आत झिरपते, वंगण धुऊन जाते, बेअरिंग गंजते आणि यंत्र गर्जू लागते. तथापि हाही मूळचा बिघाड एका रबरी कड्याचा आणि दोन पोलादी बेअरिंगांचाच.

मग त्यासाठी संपूर्ण ड्रम का बदलावा लागतो? आमच्या वस्तीतील एका जुन्या कारागिराने याचे उत्तर दिले. ड्रमभोवतीचे प्लॅस्टिकचे कवच दोन अर्धांचे असते. पूर्वी हे अर्ध स्क्रूने जोडलेले असत. अलीकडच्या अनेक यंत्रांत ते वितळवून कायमचे सांधलेले असतात. सांधलेले कवच उघडत नाही, म्हणून आतले बेअरिंग हाती लागत नाही आणि ग्राहकाच्या माथी सबंध ड्रम बसतो. आमचे यंत्र जुने, म्हणूनच स्क्रूचे होते. बेअरिंगवर प्रमाणित क्रमांक कोरलेला असतो. त्या क्रमांकाचे बेअरिंग बाजारात सहज मिळाले. सील मात्र त्याच मॉडेलचे लागते. ते शोधण्यात कारागिराचे चार दिवस गेले. अखेर मजुरीसह साडेतीन हजारांत यंत्र सुरू झाले. बिघाड एकच, यंत्र एकच; आकडे मात्र दोन!

तात्पर्य, हिशेब आपण स्वयंपाकघरात मांडतो खरा, पण त्यातले आकडे दुसरीकडे ठरून आलेले असतात. रचना उघडता येण्याजोगी आहे की नाही, सुटा भाग स्वतंत्र मिळतो की नाही, हे ज्याच्या हाती, दुरुस्तीची किंमतही त्याच्याच हाती.

युरोपीय संघाने हे ओळखले. मार्च २०२१ पासून तेथे धुलाई यंत्राच्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान १० वर्षे महत्त्वाचे सुटे भाग उपलब्ध ठेवणे उत्पादकांवर बंधनकारक आहे. फ्रान्सने त्याच वर्षी अशा यंत्रांवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापण्यास प्रारंभ केला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडले. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु माहिती देणे निराळे आणि सुटे भाग पुरविण्याचे बंधन घालणे निराळे. १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण पुनर्चक्रण ही वस्तूच्या अंत्यसंस्कारांची व्यवस्था झाली. तिचे आयुष्य वाढविण्याची नव्हे.

याचा अर्थ जुने यंत्र कोणत्याही किमतीस कवटाळून बसावे, असा नव्हे. पत्रा गंजून आरपार गेला असेल, धातूला हात लावताच विजेचा झटका बसत असेल, वर्षात तिसऱ्यांदा मोठा खर्च निघत असेल, तर नवे घेणेच शहाणपणाचे. शिवाय यंत्र बंद पडलेल्या दिवसांचाही हिशेब असतो आणि तो बहुधा घरातील स्त्रीच्या मनगटांना चुकवावा लागतो. सील शोधण्याचे ते चार दिवस आमच्याकडे चादरी कोणी पिळल्या, हे सांगण्यास लेखणी संकोचते. ‘टिकवून वापरा’ असा उपदेश करणाऱ्याने पिळण्याची पाळीही स्वतःकडे घ्यावी, हे न्यायाचे होय.

म्हणूनच केवळ ग्राहकाच्या काटकसरीवर हा प्रश्न सोडून चालणार नाही. सुटे भाग किमान १० वर्षे आणि वाजवी दरात, कंपनीबाहेरच्या कारागिरासही मिळतील, असा कायदा येथेही हवा. तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. नवे यंत्र घेताना आपण किंमत विचारतो, हप्ता विचारतो. त्याच बैठकीत दुकानदाराला हेही विचारावे : याचा ड्रम उघडतो का, सील आणि बेअरिंग सुटे मिळतात का, आणि किती वर्षे? त्याला उत्तर देता येणार नाही, हे बहुधा ठरलेलेच. पण दिवसाकाठी दहा ग्राहकांनी तोच प्रश्न विचारला, तर तो कंपनीपर्यंत पोहोचल्यावाचून राहणार नाही.