रेडिएटरसाठी विजेचा पंखा : उपयोग आणि मर्यादा

मे महिन्यात जबलपूरचा पारा अनेकदा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. शहराच्या पूर्व भागातील रांझी परिसरालगत असलेली वाहन निर्माणी १९६९ साली स्थापन झाली. लष्करासाठी शक्तिमान ट्रक आणि जोंगा ही वाहने येथे तयार होत असत. आयुध निर्माणी मंडळाच्या पुनर्रचनेनंतर, ऑक्टोबर २०२१ पासून, ही निर्माणी आर्मर्ड व्हेइकल्स निगम लिमिटेड या कंपनीच्या अखत्यारीत आहे.

‘जोंगा’ या नावातच जबलपूर दडलेले आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली’ या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते तयार झाले. निसान कंपनीच्या पेट्रोल या गाडीवर आधारलेल्या या वाहनात सुमारे चार लिटर क्षमतेचे, सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन असे. लष्कराने निकाली काढलेल्या जोंगा आज हौशी वाहनप्रेमींकडे दिसतात. क्रिकेटपटू महेंद्रसिंग धोनी यांच्याकडेही २०१९ साली अशी एक गाडी आली. अशा जुन्या दणकट वाहनांचे किंवा शक्ती वाढवलेल्या वेगवान मोटारींचे मालक इंजिन तापू लागले की बहुधा रेडिएटरचा पंखा बदलण्याचा विचार करतात. मात्र त्याचा उपयोग केव्हा होतो, हे समजून घेणे आवश्यक आहे.

जुन्या पंख्याची अडचण

जुन्या वाहनांमध्ये पंखा इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद चालले की पंखाही मंदावतो. रहदारीत गाडी थांबलेली असताना बाहेरून वारा मिळत नाही आणि नेमक्या त्याच वेळी पंख्याची हवाही कमी पडते. उलट, गाडी वेगात असताना समोरून भरपूर वारा येत असतो, तरीही पंखा जोराने फिरून इंजिनची शक्ती खर्च करतो. पंख्याच्या फेऱ्या दुप्पट झाल्या तर हवा साधारण दुप्पट मिळते, परंतु लागणारी शक्ती आठपट होते.

विजेचा पंखा इंजिनच्या गतीवर अवलंबून नसतो. तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचले की तो सुरू होतो आणि खाली आले की थांबतो. भारतात ही पद्धत सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली ती १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मुळे. पाण्यातून गाडी नेताना पंखा बंद ठेवता येतो, हा त्याचा आणखी एक लाभ होय.

उन्हाळ्याचे गणित

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आणि हवा १० अंशांवर असेल तर फरक ८० अंशांचा असतो. हवा ४५ अंशांची झाली की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजेच तेवढ्याच हवेतून जेमतेम ५६ टक्के उष्णता बाहेर पडते. हिवाळ्यात निर्धोक चालणारी गाडी मे महिन्यात का तापते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

पंखा बदलण्यापूर्वी गाडी कोणत्या स्थितीत तापते, हे पाहावे. ती उभी असताना किंवा मंद गतीने चालताना तापत असेल, तर अधिक हवा ओढणारा पंखा उपयोगी पडतो. परंतु महामार्गावर वेगात असताना तापत असेल, तर हवेची कमतरता हे कारण बहुधा नसते. अशा वेळी चोंदलेला रेडिएटर, बिघडलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पाण्याचा पंप किंवा वाढीव शक्तीला अपुरा पडणारा रेडिएटर, यांची तपासणी करावी. तेथे नवा पंखा बसवणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे.

बसवताना घ्यावयाची काळजी

पंखा शक्यतो रेडिएटरच्या मागे, हवा आत ओढेल अशा रीतीने बसवावा. त्याभोवती संपूर्ण जाळी झाकणारे आवरण असावे, अन्यथा पंख्यासमोरच्या भागातूनच हवा जाते. विजेच्या तारा उलट जोडल्या गेल्यास पंखा समोरच्या वाऱ्याविरुद्ध हवा ढकलतो. चाचणी सोपी आहे : गाडी उभी असताना रेडिएटरच्या पुढील बाजूस धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे.

बारा व्होल्टवर २५ अँपिअर घेणारा पंखा ३०० वॅट वीज वापरतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याहून अधिक प्रवाह ओढतो. म्हणून जाड तार, स्वतंत्र फ्यूज आणि रिले आवश्यक ठरतात. अल्टरनेटरची क्षमताही तपासावी. लष्करी वाहनात २४ व्होल्टची व्यवस्था असू शकते, तेव्हा खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावी. पंखा सुरू होण्याचे तापमान थर्मोस्टॅट उघडण्याच्या तापमानापेक्षा वर ठेवावे, नाहीतर तो अखंड चालत राहील.

इंजिन अतितप्त झाल्यास सिलिंडर हेडचे गॅस्केट जळते, हेड वाकते आणि दुरुस्तीचा खर्च पंख्याच्या किमतीच्या अनेक पट होतो. तापमानाचा काटा वर जाताच गाडी सुरक्षित जागी थांबवावी. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये, कारण दाबाखालील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असू शकते आणि झाकण सैल होताच ते उसळून गंभीर इजा करते. विजेचा पंखा इंजिन बंद केल्यानंतरही अचानक सुरू होऊ शकतो. बॉनेटखाली हात घालण्यापूर्वी त्याची वीज तोडणे हाच सुरक्षित मार्ग आहे.