जखम आवळू न देणारी जाळी

खोल भाजलेली जखम भरते ती कडा आवळत. मान, कोपर, बोटं आखडतात ती त्यामुळेच. अमेरिकेत बोस्टनचे सर्जन जॉन बर्क आणि एमआयटीचे आयोनिस यान्नास यांनी गाईच्या कातड्यातलं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला घटक यांची सच्छिद्र जाळी बनवली, वर सिलिकॉनचा पापुद्रा. मांडवावर वेल चढावा तशा पेशी, रक्तवाहिन्या तीत शिरतात आणि जाळी विरत जाते. मग सिलिकॉन सोलून रुग्णाच्याच त्वचेचा पातळ थर लावतात. मला थक्क करते ती यान्नास यांची नजर: सुरुवातीच्या प्रयोगांत जाळीमुळे जखम मिटायला उलट उशीर होत होता. त्या उशिरातच मेख होती. आवळणं लांबलं, म्हणून नवी अंतस्त्वचा घडायला अवसर मिळाला. रुग्णांवरचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, अमेरिकेत वापराला मान्यता १९९६ मध्ये. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी मात्र या त्वचेत उगवत नाहीत.