निरोगी वर्षाची किंमत

सरकारी खजिन्यातून रुग्णांवर होणारा खर्च अमर्याद असू शकत नाही, हे सर्वांस मान्य असले, तरी कोणत्या उपचारास अग्रक्रम द्यावा याचा निर्णय फार काळ बहुधा रिवाजावर आणि वजनदार शिफारशींवरच सोपविला जात असे. यॉर्क विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनी १९८५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचा जो हिशेब मांडला, त्यात उपचाराने आयुष्य किती वर्षे वाढले एवढेच न पाहता, ती वर्षे कोणत्या अवस्थेत गेली हेही जमेस धरले होते. पूर्ण आरोग्याचे वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०, सबब ०.५ दर्जाच्या अवस्थेतील चार वर्षे ही निरोगी दोन वर्षांच्या बरोबरीची. अशा एकेका वर्षामागे किती पौंड पडतात, हे काढले की निरनिराळ्या उपचारांची तुलना शक्य होते. तीव्र हृदयशूळ आणि डाव्या मुख्य हृदयरोहिणीचा विकार असलेल्यांस बायपास किफायतशीर ठरते. विकार सौम्य असेल तर तोच पैसा खुब्याचा सांधा बदलण्यात अधिक सार्थकी लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

वेदनेस अपूर्णांकात बसविणे निर्दय वाटते खरे. तथापि हिशेब न ठेवल्याने कोणाच्या तरी वाट्यास येणारा नकार काही टळत नाही. ज्याची वर्षेच थोडी उरली त्या वृद्धाच्या पदरी या गणितात थोडेच पडते, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाइस’ या ब्रिटिश संस्थेने हीच पद्धत स्वीकारली आणि एका निरोगी वर्षास २० ते ३० हजार पौंड ही मर्यादा दीर्घकाळ प्रमाण मानली.