पुढील चाकाचा आवाज (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या पुढील चाकाचा आवाज म्हणजे गाडी चालत असताना पुढील चाकाजवळून येणारी घरघर, खटखट किंवा करकर होय. टायर, ब्रेक, बेअरिंग, सी. व्ही. जॉइंट आणि सस्पेन्शन हे त्याचे प्रमुख उगम आहेत. यांतील काही दोष निरुपद्रवी असतात, तर खराब बेअरिंग दुर्लक्षित राहिल्यास अतितप्त होऊन चाक निखळू शकते.

कारणे

बेअरिंगच्या आतील व बाहेरील कड्यांमध्ये पोलादी गोळ्या किंवा रूळ ग्रीसमध्ये फिरतात. सील झिजल्यावर पाणी व धूळ आत शिरते, ग्रीस निकामी होते आणि कड्यांवर खाचा पडतात. नवी मुंबईतील बोनकोडे, कोपरखैरणे यांसारख्या खाडीलगतच्या भागांत दमट हवा, पावसाळ्यात साचणारे पाणी आणि खड्ड्यांचे धक्के यांमुळे ही झीज लवकर होऊ शकते.

आवाजावरून ओळख

वेगाबरोबर वाढणारी, पण गिअर न्यूट्रलमध्ये टाकूनही कायम राहणारी घरघर बेअरिंगची किंवा टायरची असते. रस्त्याचा पृष्ठभाग बदलताच आवाज स्पष्टपणे बदलल्यास टायरची असमान झीज संभवते. पुढचे व मागचे टायर अदलाबदल केल्यावर आवाजाची जागा बदलल्यास त्यास दुजोरा मिळतो. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर येतो. त्या वेळी घरघर वाढल्यास बहुधा उजवे बेअरिंग सदोष असते. उजवीकडे वळताना वाढल्यास डावे. हा नियम दिशादर्शक आहे, निर्णायक नव्हे.

स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना येणारी टक्-टक् सी. व्ही. जॉइंटची खूण आहे. ब्रेक दाबल्यावर बदलणारा चिरका आवाज झिजलेल्या ब्रेक पॅडचा असतो. अचानक सुरू झालेली करकर कधी डिस्क व तिच्यामागील पत्रा यांत अडकलेल्या खड्याचीही असते.

घरगुती तपासणी

गाडी सपाट, टणक जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा व मागील चाकांना अडण लावावी. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून पुढील चाक जॅकने उचलावे आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात किंवा शरीर घालू नये.

चाक वरून व खालून धरून आलटून पालटून ढकलावे. हालचाल जाणवल्यास दुसऱ्या व्यक्तीस ब्रेक दाबण्यास सांगावे. हालचाल थांबल्यास दोष बेअरिंगचा, कायम राहिल्यास बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा असण्याची शक्यता अधिक. डावी-उजवीकडे धरून हलवल्यास जाणवणारी ढिलाई टाय रॉडच्या टोकाचीही असू शकते. त्यानंतर एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून चाक हाताने फिरवावे. स्प्रिंगमधून खरखरीत कंप जाणवल्यास बेअरिंग खराब आहे असे समजावे. चाकात ढिलाई नसली तरी बेअरिंग सदोष असू शकते.

मर्यादा

अनेक आधुनिक गाड्यांत बेअरिंग दाबयंत्राने काढावे व बसवावे लागते आणि हबचा नट निर्मात्याने ठरवलेल्या बलाने आवळावा लागतो. काही बेअरिंगांत ए.बी.एस. संवेदकाचे चुंबकीय कडे असते. ते उलटे बसल्यास इशारादिवा लागतो. म्हणून निदान घरी करता आले तरी बदल कुशल कारागिराकडून करून घेणे योग्य ठरते. चाकात ढिलाई आढळल्यास गाडी चालवत नेण्याऐवजी ओढून नेणे सुरक्षित असते.