लिनक्स आणि सामान्य खेळाडू : भाषांतराची शक्ती व तिची मर्यादा

विंडोज १० या प्रचालन-प्रणालीस मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्यानंतरच्या विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-सामग्री असलेला संगणक लागतो. त्यामुळे एरव्ही सुस्थितीत असलेले पुष्कळ संगणक तिच्या अधिकृत कक्षेबाहेर राहिले. अशा संगणकावर फावल्या वेळात खेळ खेळणाऱ्या माणसापुढे नवा संगणक विकत घेणे, उत्तरोत्तर असुरक्षित होत जाणारी प्रणाली वापरत राहणे, किंवा विनामूल्य मिळणाऱ्या लिनक्सचा आश्रय करणे असे तीन मार्ग उरतात. तंत्रज्ञाला तिसरा मार्ग अवघड नाही. पण संगणकाच्या अंतर्भागाचे ज्याला काहीच ज्ञान नाही अशा माणसाला तो व्यवहार्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, हा प्रश्न मुळात भाषांतराचा आहे. बहुसंख्य संगणकीय खेळ विंडोजसाठी लिहिलेले असतात. लिनक्सवर ते चालतात ते बहुतांशी दुभाष्याच्या द्वारे. म्हणून दुभाष्याला काय साधते आणि काय साधणार नाही, हे एकदा स्पष्ट झाले की व्यवहारातील बहुतेक शंकांचे निरसन आपोआप होते.

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये, हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना लिहिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, 'वाइन' या प्रकल्पास प्रारंभ झाला. 'वाइन हा अनुकारी नव्हे' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांनी हे नाव सिद्ध होते, आणि त्यात एक महत्त्वाचा भेद सांगितलेला आहे. अनुकारी कार्यक्रम एका यंत्रावर दुसऱ्याच यंत्राचे सोंग उभे करतो. वाइन तसे करीत नाही. विंडोजसाठी लिहिलेला खेळ आणि लिनक्सवर चालणारा संगणक या दोहोंचा प्रक्रियक बहुधा एकाच जातीचा असतो. तेव्हा खेळातील गणिती आज्ञा त्याला थेट समजतात. अडचण येते ती खेळ प्रचालन-प्रणालीकडे काही मागू लागतो तेव्हा. 'ही फाइल उघड', 'हा ध्वनी काढ', 'येथे खिडकी मांड' अशा मागण्या तो विंडोजच्या परिभाषेत करतो. परमुलखातून आलेला पाहुणा स्वतःशी विचार करताना कोणाचे साहाय्य घेत नाही. यजमानाकडे पाणी मागताना मात्र त्याला दुभाष्या लागतो. वाइनचे कार्य नेमके या दुभाष्याचे आहे.

खेळांच्या बाबतीत सर्वांत कठीण मागण्या चित्रांकनाच्या असतात. विंडोजमध्ये त्या 'डायरेक्ट थ्रीडी' या परिभाषेत केल्या जातात. २०१६ मध्ये 'व्हल्कन' ही सर्व प्रणालींना खुली असलेली परिभाषा प्रसिद्ध झाली, आणि पहिलीचे दुसरीत रूपांतर करणारे 'डीएक्सव्हीके'सारखे कार्यक्रम पुढे आले. व्हॉल्व्ह या कंपनीने वाइन आणि हे रूपांतरक एकत्र करून ऑगस्ट २०१८ मध्ये 'प्रोटॉन' प्रसिद्ध केला व आपल्या 'स्टीम' या विक्रीव्यवस्थेत तो अंतर्भूत केला.

या घटनेचे महत्त्व आधीच्या अनुभवावरून कळते. स्टीमची लिनक्स आवृत्ती २०१३ मध्ये निघाली व २०१५ मध्ये 'स्टीम मशीन' नावाचे संगणकही बाजारात आले. त्या वेळी भिस्त होती ती खेळांच्या निर्मात्यांनी लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्त्या काढण्यावर. तशा आवृत्त्या पुरेशा निघाल्या नाहीत आणि तो उपक्रम फसला. प्रोटॉनने निर्मात्याच्या श्रमाची ही अट काढून टाकली. २०२२ मध्ये आलेल्या 'स्टीम डेक' या हातात धरावयाच्या संगणकात लिनक्सच आहे. पण तो वापरणाऱ्यास हे ठाऊक असण्याची आवश्यकता भासत नाही. उत्तम दुभाष्याची उपस्थिती जाणवत नाही, तसाच हा प्रकार आहे. इतकेच नव्हे, तर निर्मात्याने एकदा काढून पुढे दुर्लक्षिलेल्या लिनक्स आवृत्तीपेक्षा त्याच खेळाची विंडोज आवृत्ती प्रोटॉनच्या द्वारे अधिक चांगली चालते, असाही अनुभव येतो. ज्याची निगा राखली जाते ते भाषांतर टाकून दिलेल्या मूळ संहितेहून उपयोगी ठरते.

येथवरचे विवेचन आशादायक आहे. पण भाषांतराला एक मर्यादा आहे. भाषांतर अर्थ पोचवू शकते. ओळख पटवून देऊ शकत नाही. न्यायालयात दस्तऐवजाचे भाषांतर कितीही अचूक असले तरी मूळ प्रत मागितली जाते, कारण तेथे प्रश्न अर्थाचा नसून अस्सलपणाचा असतो. अनेकांनी मिळून खेळावयाच्या स्पर्धात्मक खेळांत हीच स्थिती उद्भवते. अशा खेळांबरोबर लबाडी रोखणारी एक पहारेकरी यंत्रणा येते. तिच्यापैकी काही प्रकार विंडोजच्या गाभ्यात शिरून संगणकात कोणी ढवळाढवळ केली आहे काय हे पाहतात. त्या यंत्रणेला यजमानाकडून कसलीही सेवा नको असते. यजमान खरोखर तोच आहे की नाही, एवढेच तिला पाहावयाचे असते. या ठिकाणी दुभाष्याचे कौशल्य निरुपयोगी ठरते.

'व्हॅलरंट' हा खेळ अशाच यंत्रणेमुळे लिनक्सवर चालत नाही. आणि 'लीग ऑफ लेजंड्स' हा पूर्वी वाइनच्या द्वारे खेळता येणारा खेळ २०२४ मध्ये तीच यंत्रणा लागू झाल्यावर बंद पडला. 'इझी अँटी-चीट' व 'बॅटलआय' या दोन यंत्रणांनी २०२१ मध्ये प्रोटॉनला मुभा दिली. पण ती वापरावयाची की नाही हे प्रत्येक निर्मात्याच्या इच्छेवर राहिले. 'ॲपेक्स लेजंड्स'च्या निर्मात्यांनी काही काळ लिनक्सला दिलेला प्रवेश लबाडीचे कारण सांगून ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस काढून घेतला. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' चे उदाहरण विशेष बोधप्रद आहे : सप्टेंबर २०२४ मध्ये तिच्या सामूहिक भागास बॅटलआय जोडण्यात आले आणि लिनक्सवर तो भाग बंद झाला, एकट्याने खेळावयाची कथा मात्र चालत राहिली. एकाच खेळाचा एक अर्धा भाग चालतो व दुसरा चालत नाही, याचे कारण तांत्रिक दुबळेपणात नसून परवानगीच्या अभावात आहे. अर्थात सर्वच सामूहिक खेळांची ही गत नाही. 'काउंटर-स्ट्राइक २' व 'डोटा २' यांच्या लिनक्स आवृत्त्या व्हॉल्व्ह स्वतःच काढते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. तांत्रिक ज्ञान तीन ठिकाणी लागण्याचा संभव असतो : प्रणाली बसविताना, खेळ चालविताना आणि बिघाड झाल्यास. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवून, संगणकातील मूळ सामग्रीस हात न लावता पाहता येते. ध्वनी, वायफाय व पडदा नीट चालतात याची खात्री तेथेच करावी. एएमडीच्या चित्रपत्रकाचे चालक लिनक्सच्या गाभ्याबरोबरच येतात. एनव्हिडियाचे बहुधा वेगळे बसवावे लागतात, जरी काही वितरणांत ते काम एका कळीवर होते. प्रणाली कायमची बसविण्यापूर्वी आपल्या फाइलींची प्रत अन्यत्र ठेवणे अत्यावश्यक आहे. खेळ स्टीमवर घेतलेला असेल तर तो चालविण्यास बहुधा वेगळे काही करावे लागत नाही; इतर विक्रेत्यांकडील खेळांसाठी 'हिरोइक' किंवा 'लुट्रिस' यांसारखे सहायक कार्यक्रम बसवावे लागतात व तेथे श्रम किंचित वाढतात. खरी कसोटी बिघाडाच्या वेळी लागते. उपाय बहुतेक वेळा उपलब्ध असतो, पण तो इंग्रजीत आणि आज्ञांच्या स्वरूपात लिहिलेला असतो. शेजारीपाजारी विंडोज जाणणारा सहज भेटतो, तसा लिनक्स जाणणारा भेटत नाही. नवख्या माणसाची ही अडचण लहान मानू नये.

म्हणून 'लिनक्स व्यवहार्य आहे काय' या प्रश्नाऐवजी 'मी कोणते खेळ खेळतो' हा प्रश्न आधी विचारावा. आपल्या नित्याच्या दहा-पंधरा खेळांची यादी करावी. 'प्रोटॉनडीबी' या सूचीत प्रत्येक खेळाविषयी वापरणाऱ्यांचे अनुभव नोंदलेले असतात. त्यांपैकी अलीकडचे अनुभव पाहावेत, कारण प्रोटॉन सतत बदलत असतो. यादीतील खेळ मुख्यतः एकट्याने खेळावयाचे असतील, तर तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसानेही, थोडा धीर धरण्याची तयारी ठेवून, लिनक्स स्वीकारण्यास हरकत नाही. मित्रमंडळींबरोबर रोज खेळावयाचा एखादा स्पर्धात्मक खेळ पहारेकरी यंत्रणेमुळे अडत असेल, तर त्या खेळापुरते तरी विंडोज सोडू नये. अशा प्रसंगी आपले ज्ञान अपुरे पडले असे मानून स्वतःला दोष देण्याचे कारण नाही. निष्णात तंत्रज्ञाचीही तेथे तीच अवस्था होते. कारण ते दार ज्ञानाने उघडणारे नसून आतल्या माणसाच्या संमतीने उघडणारे आहे.