‘सॉरी म्हण’ म्हटलं की झालं?

अंधेरी असो की मुलुंड, प्राथमिक शाळेच्या पालकसभेत हल्ली ‘सामाजिक-भावनिक शिक्षण’ हा विषय निघतो. नाव जड आहे, पण आत रोजच्याच गोष्टी आहेत. राग आला तर हात न उगारता तो सांगता येणं, हरल्यावर डाव न मोडणं, डबा विसरलेल्या मुलाला आपल्यातली अर्धी पोळी देणं, ‘मला असं चिडवलेलं आवडत नाही’ हे तोंडावर म्हणता येणं. विषय निघाला की सभेत ठरावीक वाक्यं ऐकू येतात. त्यातली बरीचशी तपासून पाहावीत अशी आहेत.

गैरसमज : हे आपोआप येतं. आम्हाला कुणी शिकवलं होतं?

चाळीने शिकवलं होतं. ‘डबा ऐसपैस’मध्ये राज्य कुणावर यावरून जुंपायची, कट्टी व्हायची आणि दुसऱ्या संध्याकाळी गडी कमी पडले की बट्टीही व्हायची. धाकट्या भावंडाला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतलं जायचं. आता त्या चाळीच्या जागी टॉवर आहे, खाली ‘येथे बॉल खेळू नये’ ही पाटी आहे, आणि सहा वर्षांच्या मुलाचा दिवस शाळेची व्हॅन, पाळणाघर आणि क्लास यांत वाटला गेला आहे. भांडायला आणि भांडण मिटवायला त्याच्याकडे उरते ती शाळेची मधली सुट्टी. अर्थात, चाळीचे गोडवे फार गाऊ नयेत. ‘जाड्या’, ‘चष्मिष’, ‘काळू’ ही नावं तिथेच पडली आणि काहींना जन्मभर चिकटली. आपोआप आलेलं सगळंच चांगलं नव्हतं.

गैरसमज : यात अभ्यास बुडतो.

उलट आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली अशा २१३ शालेय कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र मांडले. त्यांत बालवर्गापासून बारावीपर्यंतचे २,७०,०३४ विद्यार्थी होते. असं शिक्षण मिळालेली मुलं अभ्यासात इतरांपेक्षा सरासरी ११ पर्सेंटाइलने पुढे होती. (सीईटीच्या कृपेने हा शब्द मुंबईच्या पालकांना समजावून सांगावा लागत नाही.) यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले असले, तरी कारण आपल्या वर्गातही तेच आहे. मधल्या सुट्टीत खेळातून हाकललेलं मूल पुढच्या तासाला गणिताच्या वहीसमोर बसलेलं असतं, पण डोकं मैदानातच असतं. मग हातचा घ्यायचा राहतो आणि वहीवर लाल शेरा मिळतो : ‘लक्ष नाही.’

गैरसमज : बाहेरून तज्ज्ञ बोलवा, वर्षाला एक वर्कशॉप ठेवा.

शाळांना हे सोयीचं असतं. फोटो निघतात, अहवालात एक पान भरतं. पण डर्लाक यांच्याच पाहणीत अभ्यासातली सुधारणा दिसली ती कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकांनी चालवला तेव्हा. बाहेरून आलेल्या माणसांना ते साधलं नाही. ‘रोज पाच मिनिटं डोळे मिटून बसवा’ हाही उपाय अपुराच. ब्रिटनमध्ये माध्यमिक शाळांतल्या आठ हजारांहून अधिक मुलांवर माइंडफुलनेसचा मोठा प्रयोग झाला. २०२२ साली निष्कर्ष आले तेव्हा नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

मग फायदा कशाने होतो? दुसरीच्या वर्गात खोडरबरावरून मारामारी झाली असं समजा. बाई म्हणतात, ‘सॉरी म्हण.’ मुलगा भिंतीकडे बघत सॉरी म्हणतो, भांडण ‘मिटतं’ आणि सुट्टीत ते दुप्पट जोराने सुरू होतं. त्याऐवजी दोघांना आळीपाळीने विचारलं : काय झालं? तुला काय वाटलं? त्याला काय वाटलं असेल? आता काय केलंस तर बरं होईल? पहिल्या आठवड्यात उत्तरं येत नाहीत. पुढे मुलं बाईंची वाट न बघता हेच प्रश्न एकमेकांना विचारू लागतात, कधीकधी अगदी बाईंच्या आवाजात. हे शिकवणं आहे. परिपाठात ‘सर्वांशी प्रेमाने वागावे’ हा सुविचार वाचून घेणं आणि पाचव्या मिनिटाला त्याच मुलाला ‘ढ’ म्हणणं, हेही शिकवणंच आहे. मुलं दुसरा धडा लवकर गिरवतात.

पटावर चाळीसच्या वर मुलं, मानगुटीवर मतदारयाद्यांचं काम, अशात बाईंनी हे रोज करावं म्हणणं सोपं आहे. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घातलं आहे. ते पाळलं जावं म्हणून पालकांनी बोललं पाहिजे. नुसतं बाईंकडे बोट दाखवणं अन्यायाचं आहे.

गैरसमज : भावना कुरवाळल्या की मूल डोक्यावर बसतं.

भावना ओळखणं म्हणजे हट्ट पुरवणं नव्हे. ‘तुला राग आलाय, पण मारायचं नाही,’ या वाक्यात दोन्ही आहे. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात दिसलं. ‘मुलगा असून रडतोस?’ या प्रश्नाने नेमकं ते नावच गिळायला लागतं.

शिस्तीबद्दल एक छोटा प्रयोग सांगण्यासारखा आहे. रॉचेस्टर विद्यापीठात २८ लहान मुलांना चित्रासाठी छान साहित्य आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्यांच्या बाबतीत शब्द पाळला, निम्म्यांच्या बाबतीत मुद्दाम मोडला. मग समोर एक मार्शमेलो (मऊ, गोड मिठाई) ठेवून सांगितलं : ती न खाता थांबलास तर दुसरी मिळेल. शब्द पाळलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवलेली जेमतेम तीन. संयम मुलाच्या स्वभावात शोधण्याआधी मोठ्यांचा शब्द तपासावा. आणि छडीचं म्हणाल, तर शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळही बंद केला आहे. ‘तुझ्या डोक्यात काय बटाटे भरलेत?’ हा विनोद नाही.

गैरसमज : हे पैसेवाल्या शाळांचं खूळ आहे.

शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम २००९ मध्ये सुरू झाला तो बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत. जोडीने आणि गटाने काम करत मुलं एकमेकांचं ऐकायला शिकतात, अशी त्याची रीत. मुंबईत ‘अपनी शाला’ ही संस्था २०१३ पासून महापालिका शाळांतल्या मुलांबरोबर नेमकं हेच काम करते आहे. ज्या घरात आई-बाप दोघं पहाटे कामाला जातात, तिथल्या मुलाला याची गरज कमी कशी असेल?

पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा मार्कांची चौकशी जरूर करा. पण त्याआधी बाईंना एवढं विचारा : मधल्या सुट्टीत माझं मूल कुणाबरोबर डबा खातं? आणि वर्गातलं कुठलं मूल एकटं खातं?